बीटामेथासोन व्हॅलरेटच्या क्रीमची रासायनिक स्थिरता कशी मोजावी

त्वचेवर लावायच्या औषधाची स्थिरता मोजायची म्हणजे ठरावीक काळाने नमुना काढून त्यात सक्रिय घटक किती उरला आहे ते पाहायचे, अशी साधारण समजूत असते आणि बऱ्याच रेणूंच्या बाबतीत ती चालूनही जाते. बीटामेथासोन-१७-व्हॅलरेट या स्टेरॉइडच्या बाबतीत मात्र ती चालत नाही. या रेणूतील व्हॅलरेट गट सतराव्या कार्बनवरून सुटून शेजारच्या एकविसाव्या कार्बनवर जाऊन बसतो. रेणूचे सूत्र तेच राहते, रेणुभार तोच राहतो, अतिनील प्रकाशाचे शोषणही जवळजवळ तेच राहते. पण त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करण्याची जी क्षमता १७-व्हॅलरेटमध्ये असते, ती २१-व्हॅलरेटमध्ये फारच कमी उरते. अशा क्रीमचा नमुना निव्वळ स्पेक्ट्रोफोटोमीटरने, म्हणजे एकूण प्रकाशशोषण मोजून, तपासला, तर सहा महिन्यांनंतरही शंभराच्या जवळचा आकडा येतो आणि ट्यूबमधील औषध मात्र उतरलेले असते. पुढील मांडणी औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी, गुणवत्ता नियंत्रण विभागातील विश्लेषक आणि क्रीम-मलमांवर काम करणारे संशोधक यांच्यासाठी केली आहे.

रेणूत नेमके काय घडते

या स्टेरॉइडच्या ए ते डी अशा चार जोडलेल्या वलयांपैकी डी-वलयावर सतराव्या कार्बनला जोडलेली एक छोटी शृंखला असते आणि तिच्या टोकाला, एकविसाव्या कार्बनवर, मोकळा हायड्रॉक्सिल गट असतो. हा गट शेजारच्या एस्टरच्या कार्बोनिल कार्बनवर चढाई करतो, क्षणभर सहा अणूंचे वलय तयार होते, आणि ते उघडताना व्हॅलरेट गट एकविसाव्या स्थानी येतो. तेथील एस्टर प्राथमिक अल्कोहोलचा असल्याने तुलनेने मोकळा, कमी गर्दीत असतो. त्याचे पुढे पाण्याने विघटन होऊन मूळ बीटामेथासोन आणि व्हॅलेरिक आम्ल तयार होते. म्हणजे ही एकापाठोपाठ एक घडणारी दोन पायऱ्यांची अभिक्रिया आहे: १७-व्हॅलरेटचे २१-व्हॅलरेट आणि त्यापासून बीटामेथासोन.

पहिल्या पायरीला हायड्रॉक्साइड आयनांचे उत्प्रेरण फार जोराने मिळते. म्हणून उदासीन आणि अल्कधर्मी माध्यमात ती झपाट्याने पुढे जाते. तीव्र आम्लातही तिचा वेग पुन्हा वाढतो. सौम्य आम्ल माध्यमात, पीएच ४ च्या आसपास, रेणू सर्वांत शांत असतो. बाजारातील क्रीममध्ये सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि फॉस्फोरिक आम्ल असते ते यासाठीच. त्यांचे काम त्वचेला सोसवणे एवढेच आहे असे समजून सूत्रात फेरफार करणाऱ्याच्या हाती महिन्याभरात निराळेच औषध येते.

याखेरीज प्रकाशाने ए-वलयाची पुनर्रचना होते आणि ऑक्सिडीकरणाने बाजूच्या शृंखलेची हानी होऊ शकते. अपारदर्शक ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये प्रकाशाचा प्रश्न जवळपास मिटतो, त्यामुळे मोजणीचा मुख्य भर व्हॅलरेट गटाच्या स्थलांतरावरच ठेवावा.

आधी पद्धत सिद्ध करावी

स्थिरतेचे नमुने चेंबरमध्ये ठेवण्यापूर्वी विश्लेषणाची पद्धत स्थिरतादर्शक आहे, म्हणजे मूळ औषध, त्याची विघटित रूपे आणि बेसमधील (औषध ज्यात मिसळलेले असते त्या आधारद्रव्यातील) इतर घटक यांना ती एकमेकांपासून वेगळे करते, हे दाखवावे लागते. या रेणूसाठी उलट-प्रावस्था एचपीएलसी, म्हणजे द्रावण दाबाने कॉलममधून ढकलून घटक एकामागून एक वेगळे काढणे, ही रुळलेली पद्धत आहे. २५० मिलिमीटर लांब, ४.६ मिलिमीटर व्यासाचा आणि ५ मायक्रोमीटर कणांचा सी-१८ कॉलम, ॲसिटोनायट्राइल आणि पाणी यांचे ६० : ४० प्रमाणातील मिश्रण, मिनिटाला १ मिलिलिटरच्या आसपास प्रवाह आणि २४० नॅनोमीटरवर लावलेला डिटेक्टर एवढ्यावर सुरुवात करता येते. बीटामेथासोन सर्वांत ध्रुवीय असल्याने आधी बाहेर पडते, मग १७-व्हॅलरेट आणि त्यानंतर २१-व्हॅलरेट. दोन्ही व्हॅलरेटच्या पिकांमधील (आलेखावरील शिखरांमधील) पृथक्करण (रिझोल्यूशन) किमान २ असावे. ते कमी पडल्यास पाण्याचे प्रमाण हळूहळू वाढवून पाहावे.

येथे एका सवयीबद्दल सावध करणे आवश्यक वाटते. हल्ली पीक शुद्ध आहे की नाही हे फोटोडायोड ॲरे डिटेक्टरच्या सॉफ्टवेअरवर सोपवून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे. हे सॉफ्टवेअर पिकाच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातील वर्णपट ताडून पाहते. १७ आणि २१ या दोन्ही रूपांचा वर्णपट ए-वलयातील त्याच संयुग्मित रचनेमुळे उमटत असल्याने, दोन्ही रेणू एकाच पिकाखाली दडलेले असले तरी सॉफ्टवेअर पीक शुद्ध असल्याचाच निर्वाळा देते. मास स्पेक्ट्रोमीटर लावला तरी दोघांचा रेणुभार ४७६.६ हाच येतो. त्यामुळे येथे पुरावा एकच: २१-व्हॅलरेटचा संदर्भ नमुना विकत घेऊन तो स्वतंत्रपणे आणि मूळ औषधात मिसळून इंजेक्ट करावा आणि दोन पिके डोळ्यांनी वेगळी दिसावीत. संदर्भ नमुना येईपर्यंत काम अडू नये म्हणून १७-व्हॅलरेटच्या मिथेनॉलमधील द्रावणात अतिसौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचे काही थेंब टाकून, थोड्याच मिनिटांत ॲसिटिक आम्लाने ते उदासीन करून दोन्ही रूपांचे मिश्रण घरच्या घरी तयार करता येते. प्रत्येक दिवसाच्या कामाची सुरुवात अशा मिश्रणाच्या इंजेक्शनने करण्याचा नियम केलेला बरा.

सक्तीच्या विघटनाच्या चाचण्या औषधावर, क्रीमवर आणि औषधविरहित बेसवर अशा तिन्हींवर कराव्यात: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, अतिसौम्य अल्कली, तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ६० ते ८० अंश सेल्सिअसची उष्णता आणि प्रकाश. पाच ते वीस टक्के विघटन झाले की थांबावे. अल्कलीच्या बाबतीत नेहमीच्या पाठातील प्रमाण आणि वेळ डोळे झाकून वापरली, तर औषध पूर्णपणे बीटामेथासोनपर्यंत पोचलेले आढळते आणि मधली, आपल्याला हवी असलेली पायरी हातून निसटते. प्रकाशासाठी आयसीएच या औषधांचे निकष एकसारखे करणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या क्यू१बी मार्गदर्शिकेनुसार एकूण किमान १२ लाख लक्स-तास दृश्य प्रकाश आणि दर चौरस मीटरला किमान २०० वॅट-तास निकट-अतिनील ऊर्जा द्यावी लागते. क्रीमचा पातळ थर पेट्री डिशमध्ये पसरून एक डिश उघडी आणि दुसरी ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेली अशा दोन्ही शेजारी ठेवाव्यात, म्हणजे दिव्याच्या उष्णतेचा परिणाम वेगळा काढता येतो.

औषधविरहित बेसचे क्रोमॅटोग्राम पाहताना क्लोरोक्रेसॉलकडे विशेष लक्ष द्यावे. हे परिरक्षक अशा क्रीममध्ये नेहमी आढळते, २४० नॅनोमीटरवर तेही प्रकाश शोषते आणि त्याचे प्रमाण औषधाच्या तुलनेत थोडेथोडके नसते. औषधाबरोबर क्लिओक्विनॉल हे जंतुनाशक असलेले मिश्र क्रीम असेल, तर त्याचेही पीक कोठे येते ते आधी पाहून ठेवावे. निओमायसिन या प्रतिजैविकाचा मात्र या तरंगलांबीवर त्रास होत नाही.

क्रीममधून औषध बाहेर काढताना

माझ्या मते या मोजणीतील सर्वांत नाजूक टप्पा हाच आहे, कारण येथे विश्लेषक स्वतःच्या हाताने २१-व्हॅलरेट तयार करू शकतो. क्रीममध्ये सेटोस्टीअरिल अल्कोहोल, पांढरे मृदू पॅराफिन, द्रव पॅराफिन आणि सेटोमॅक्रोगॉल असते. औषध या तेलकट-मेणकट जाळ्यातून सोडवण्यासाठी ते वितळवावे लागते आणि उष्णता तर स्थलांतराला हवीच असते. त्यावरचा उपाय म्हणजे काढण्याचे द्रावण आम्लधर्मी ठेवणे. मिथेनॉलमध्ये हजारास एक या प्रमाणात ग्लेशियल ॲसिटिक आम्ल घालून ते द्रावण सर्व ठिकाणी, संदर्भ नमुन्यासाठीसुद्धा, वापरावे.

०.१२ टक्के क्रीमचे सुमारे २ ग्रॅम अचूक वजन करून ५० मिलिलिटरच्या, बूच बसणाऱ्या नळीत घ्यावे. त्यात औषध साधारण २.४ मिलिग्रॅम असते. आम्लयुक्त मिथेनॉल ४० मिलिलिटर घालून नळी ६० अंशांच्या पाणबाथमध्ये पाच मिनिटे धरावी, बाहेर काढून जोराने हलवावी, आणि गोळे पूर्ण विरघळेपर्यंत हे पुन्हा करावे. मग नळी बर्फात ठेवावी, म्हणजे मेणासारखे घटक घट्ट होऊन खाली बसतात. द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावर ५० मिलिलिटरपर्यंत भरावे, सेंट्रिफ्यूज करावे आणि ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळताना पहिले काही मिलिलिटर टाकून द्यावेत. बर्फातून काढताच आकारमान भरण्याची घाई करू नये. थंड मिथेनॉल आकुंचन पावलेले असते आणि त्यामुळे टक्केवारीत फरक पडतो. मेणकट भाग फारच त्रास देत असेल, तर क्रीम हेक्सेनमध्ये विरघळवून औषध मिथेनॉल-पाण्याच्या थरात ओढण्याचा जुना मार्ग आहे. तो अधिक स्वच्छ आहे, पण वेळखाऊ.

ही कृती निर्दोष आहे हे दाखवण्यासाठी औषधविरहित बेसमध्ये शुद्ध १७-व्हॅलरेट लेबलच्या ८०, १०० आणि १२० टक्के प्रमाणात मिसळून ते याच सर्व पायऱ्यांतून न्यावे. दोन गोष्टी तपासाव्यात: औषध ९८ ते १०२ टक्क्यांच्या दरम्यान परत मिळते का, आणि २१-व्हॅलरेटचे पीक मूळ पावडरीत होते त्यापेक्षा वाढते का. पहिली चाचणी सगळेच करतात, दुसरी फारच थोडे. अखेरीस गाळलेले द्रावण ऑटोसॅम्पलरच्या थंड ट्रेमध्ये ठेवून चोवीस तासांनी पुन्हा इंजेक्ट करावे. रात्रभर चालणाऱ्या मालिकेत शेवटच्या बाटल्यांमधील २१-व्हॅलरेट पहिल्या बाटल्यांपेक्षा वाढलेले दिसले, तर ती वाढ क्रीमची नसून काचेच्या बाटलीतली आहे, आणि अशा मालिकेतील आकडे वापरू नयेत.

नमुने कोठे, किती काळ ठेवावेत

आयसीएचच्या क्यू१ए मार्गदर्शिकेतील वेगवर्धित अवस्था सगळीकडे सारखी आहे: ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता, सहा महिने. दीर्घकालीन अवस्था मात्र देशाच्या हवामानावर ठरते. युरोप-अमेरिकेसाठी २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता चालते. भारतात नवीन औषधांसाठीच्या नियमांत ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता सांगितली आहे, आणि अधिक दमट देशांत निर्यात करायची असेल तर ३० अंश आणि ७५ टक्के धरावी. कोकणातल्या पावसाळ्यात औषधाच्या दुकानातील फळीवर याहून सौम्य परिस्थिती असते असे कोणी म्हणणार नाही. तीन बॅचेस घ्याव्यात आणि त्या विक्रीच्याच वेष्टनात ठेवाव्यात. दीर्घकालीन नमुने पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा काढावेत. वेगवर्धित नमुने शून्य, तीन आणि सहा महिन्यांना काढणे हे किमान, आणि या रेणूसाठी पहिल्या व दुसऱ्या महिन्याचीही भर घालावी.

प्रत्येक वेळी नवी, न उघडलेली ट्यूब घ्यावी. ट्यूब उभी चिरून टोपणाकडचा, मधला आणि दुमडलेल्या टोकाकडचा अशा तीन ठिकाणचे क्रीम वेगवेगळे तपासावे. ४० अंशांवर पायस (तेल-पाण्याचे एकजीव मिश्रण) फुटू लागले, तर औषध तेलाच्या आणि पाण्याच्या थरांत असमान वाटले जाते, आणि एकाच ठिकाणाहून घेतलेला नमुना रासायनिक ऱ्हासाचा आभास निर्माण करतो. तिन्ही ठिकाणच्या आकड्यांत दोन-तीन टक्क्यांहून अधिक तफावत आढळली, तर आधी भौतिक स्थिरतेचा प्रश्न सोडवावा. वेगस्थिरांक, म्हणजे ऱ्हासाच्या गतीचा आकडा, काढण्यात तोवर अर्थ नसतो.

पाण्याची घट स्वतंत्रपणे मोजणे अपरिहार्य आहे. ॲल्युमिनियमची ट्यूब पाण्याची वाफ जाऊ देत नाही, परंतु प्लास्टिकच्या डबीतून किंवा प्लास्टिकच्या ट्यूबमधून ती जाते. समजा, डबीतील क्रीमचे वजन पाण्याच्या बाष्पीभवनामुळे ५ टक्क्यांनी घटले आणि त्याच काळात औषध ९४ टक्के उरले. आता एक ग्रॅम क्रीम तपासले, तर ९४ भागिले ०.९५, म्हणजे जवळपास ९९ टक्के हा आकडा येईल. वाळलेले क्रीम ऱ्हास झाकून टाकते. म्हणून प्रत्येक डबीचे भरलेले वजन पहिल्या दिवशी टिपून ठेवावे, नमुना काढण्याआधी पुन्हा वजन करावे आणि निकाल मूळ वजनावर आणून मांडावा. आयसीएचने अर्धपारगम्य वेष्टनांसाठी कमी आर्द्रतेच्या वेगळ्या अवस्था दिल्या आहेत आणि तीन महिन्यांत ५ टक्के पाणी गेल्यास तो लक्षणीय बदल मानला आहे.

पीएच मोजण्यासाठी एक भाग क्रीम नऊ भाग ताज्या उकळून थंड केलेल्या पाण्यात ढवळून घ्यावे आणि दरवेळी तीच कृती करावी. पाणीच नसलेल्या मलमाचा पीएच मोजत बसू नये. तेथे त्या आकड्याला अर्थ नाही. पीएच ४.५ वरून ५.५ वर सरकला, तर औषधाचा टक्का अजून जागचा हलला नसला तरी धोक्याची सूचना मिळाली असे समजावे.

आकडे कसे मांडावेत

क्रोमॅटोग्राममधील तीनही पिके मोजावीत आणि १७-व्हॅलरेटचे समतुल्य म्हणून मांडावीत. २१-व्हॅलरेटचा रेणुभार आणि शोषण सारखे असल्याने त्याचा प्रतिसाद गुणांक १ धरता येतो, तरी संदर्भ नमुन्याने तो एकदा पडताळावा. बीटामेथासोनचा रेणुभार ३९२.५ आहे, त्याचा प्रत्येक मिलिग्रॅम सुमारे १.२१ मिलिग्रॅम व्हॅलरेटच्या बरोबरीचा असतो. त्यामुळे त्याचे पीक व्हॅलरेटच्या संदर्भाने मोजले तर समतुल्य आकडा थेट मिळतो. त्याचे खरे वजन हवे असेल तर तो आकडा ०.८२४ ने गुणावा. लेबलवरील ०.१ टक्के बीटामेथासोन आणि ०.१२ टक्के व्हॅलरेट यांच्यातला हाच हिशेब आहे, आणि त्यात गल्लत झालेले अहवाल पाहायला मिळतात.

उदाहरणादाखल एक काल्पनिक बॅच घेऊ. ४० अंशांवर सहा महिन्यांनी १७-व्हॅलरेट ९२.५ टक्के, २१-व्हॅलरेट ५.६ टक्के आणि बीटामेथासोन १.१ टक्के आढळले. तिघांची बेरीज ९९.२ होते, म्हणजे वस्तुमानाचा ताळमेळ चांगला बसतो आणि आपण शोधली त्याखेरीज दुसरी मोठी वाट औषधाने धरलेली नाही. बेरीज ९६ वर आली असती, तर प्रकाशाने किंवा ऑक्सिडीकरणाने झालेली, २४० नॅनोमीटरवर फारशी न दिसणारी रूपे शोधावी लागली असती. याच नमुन्याचे एकत्रित शोषण मोजून कोणी ९९ टक्क्यांचा दाखला दिला असता, तर अंकगणितात चूक नसती आणि तरीही दाखला खोटा ठरला असता.

१७-व्हॅलरेटचा ऱ्हास प्रथम श्रेणीचा (उरलेल्या औषधाच्या प्रमाणात वेग असणारा) धरून शंभर भागिले ९२.५ याचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढावा. तो ०.०७८ येतो, त्याला सहाने भागले की वेगस्थिरांक दरमहा ०.०१३ मिळतो. औषध ९० टक्क्यांवर येण्याचा काळ काढण्यासाठी ०.१०५ ला वेगस्थिरांकाने भागावे; उत्तर सुमारे ८ महिने येते. त्याच बॅचमध्ये ३० अंशांवर बारा महिन्यांनी ९४.२ टक्के औषध उरले असेल, तर वेगस्थिरांक ०.००५ आणि काळ सुमारे २१ महिने. ही दोन तापमाने अभिक्रियेचा वेग आणि तापमान यांचा संबंध सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या समीकरणात घातली, तर सक्रियण ऊर्जा मोलमागे सुमारे ७५ किलोज्यूल मिळते, आणि २५ अंशांवर हाच काळ जवळपास ३५ महिन्यांपर्यंत जाईल असा अंदाज निघतो.

हा अंदाज सूत्र निवडताना उपयोगी आहे, मुदत छापताना नाही. दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते, त्यामुळे ती बरोबर आहे की नाही हे कळायला निदान तिसरे तापमान हवे. आणि क्रीमच्या बाबतीत ते ५० किंवा ६० अंशांवर नेले की मेणकट घटक वितळून पायसाची रचनाच बदलते, औषधाची पाणी आणि तेल यांमधील वाटणी बदलते आणि आपण वेगळ्याच पदार्थाचा वेग मोजू लागतो. शिवाय वरील बॅचमध्ये वेगवर्धित अवस्थेत औषध मूळ आकड्यापेक्षा पाच टक्क्यांहून अधिक घटले आहे. हा लक्षणीय बदल होय, आणि असा बदल दिसल्यावर दीर्घकालीन आकड्यांपलीकडे मुदत ताणण्याचा आधार लंगडा पडतो. मुदत ठरवण्यासाठी क्यू१ई मार्गदर्शिकेनुसार तीन बॅचेसच्या दीर्घकालीन आकड्यांवर रेषा बसवावी, बॅचेस एकत्र करता येतात का याची चाचणी ०.२५ या सार्थकता पातळीवर घ्यावी, आणि रेषेची ९५ टक्के विश्वासाची खालची मर्यादा जेथे ९० टक्क्यांना छेदते तो महिना शोधावा. सरासरी रेषा छेदते तो महिना मुदत म्हणून धरू नये. विखुरलेल्या आकड्यांची किंमत या दोन छेदबिंदूंमधील अंतरातूनच मोजली जाते.

सुरुवातीच्या महिन्यांत औषधाची घट पाहण्यापेक्षा २१-व्हॅलरेटची वाढ पाहणे कितीतरी विश्वसनीय असते. काढणी, वजन आणि इंजेक्शन यांतील चुका मिळून एक-दीड टक्क्याचे हेलकावे कोणत्याही प्रयोगशाळेत येतात. त्यामुळे शंभराचे ९९.२ झाले हे खात्रीने सांगता येत नाही. पण ०.२ टक्के असलेले २१-व्हॅलरेट १ टक्क्यावर गेले, तर ते पाचपट झालेले असते आणि पीक स्पष्ट उठून दिसते. पद्धतीची शोधमर्यादा ०.१ टक्क्यांपर्यंत खाली आणण्यावर केलेली मेहनत म्हणूनच वाया जात नाही. मात्र २१-व्हॅलरेट पुढे बीटामेथासोनमध्ये रूपांतरित होत राहते, त्यामुळे त्याची वाढ कायम राहत नाही. ठरावीक काळानंतर त्याचा आकडा सपाट होऊन उतरू लागतो. अशा जुन्या नमुन्यात फक्त २१-व्हॅलरेट पाहून ऱ्हास थांबला असा निष्कर्ष काढू नये, दोन्हींची बेरीज घ्यावी.

दोन विशेष प्रसंग

त्वचारोगतज्ज्ञांच्या सांगण्यावरून स्टेरॉइडचे क्रीम मॉइश्चरायझरमध्ये किंवा दुसऱ्या बेसमध्ये मिसळून सौम्य करून देण्याची प्रथा जुनी आहे. पाव पटीने सौम्य केले म्हणजे ताकद पाव झाली, असे त्यात गृहीत असते. नवा बेस उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असेल, तर मूळ क्रीममधील फॉस्फेटचे बफर सौम्य होऊन अपुरे पडते आणि स्थलांतर वेग घेते. लॉरिल सल्फेट असलेल्या इमल्सिफायिंग मलमात हे पूर्वीच दिसून आले आहे. अशा मिश्रणासाठी महिन्यांचे वेळापत्रक निरुपयोगी असते. मिसळल्यावर लगेच, सहा तासांनी, एका दिवसाने, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ३० अंशांवरचे नमुने काढावेत, प्रत्येक वेळी पीएच नोंदवावा, आणि मिश्रणात झिंक ऑक्साइडसारखा अल्कधर्मी घटक असेल तर पहिल्या दिवशीचे नमुने आणखी दाट घ्यावेत. सौम्य केलेल्या मिश्रणात औषध कमी असल्याने क्रीमचे वजन त्या प्रमाणात वाढवावे, नाहीतर बीटामेथासोनचे लहानसे पीक आधाररेषेत बुडून जाईल.

दुसरा प्रसंग फ्रांझ सेलमधील, म्हणजे मधे त्वचेचा तुकडा बसवलेल्या दोन कप्प्यांच्या उपकरणातील, त्वचाभेदनाच्या प्रयोगाचा. त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमान ३२ अंश ठेवून खालच्या कप्प्यात पीएच ७.४ चे फॉस्फेट बफर भरण्याची रीत आहे, आणि हेच माध्यम १७-व्हॅलरेटला सर्वांत गैरसोयीचे. त्यात भर म्हणजे त्वचेतील एस्टरेज विकरेही (एंझाइम) एस्टर तोडतात. त्यामुळे कप्प्यातील द्रावणात फक्त १७-व्हॅलरेट मोजले, तर औषध त्वचेतून कमी गेले असा चुकीचा निष्कर्ष निघतो. प्रयोगाआधी मूळ औषध त्या बफरमध्ये, त्वचा न लावता, त्याच तापमानाला चोवीस तास ठेवून दर दोन-तीन तासांनी नमुने काढावेत आणि स्थलांतराचा वेग मोजून ठेवावा. प्रत्यक्ष प्रयोगात काढलेल्या प्रत्येक नमुन्यात ताबडतोब ॲसिटिक आम्ल घालून तो पीएच ४ च्या आसपास आणावा, थंड ठेवावा आणि तिन्ही रूपांची मोलमधील बेरीज भेदलेले औषध म्हणून मांडावी. कप्प्यातील बफर पीएच ५.५ पर्यंत खाली आणून प्रयोग केला, तर रासायनिक स्थलांतर बरेच रोखता येते. मग जे २१-व्हॅलरेट आणि बीटामेथासोन दिसते त्यात त्वचेतील विकरांचा वाटा किती, हे उष्णतेने विकरे निष्क्रिय केलेल्या त्वचेचा तुकडा शेजारच्या सेलमध्ये लावून ताडून पाहता येते.